नळीवरचे डबे

“पण सर, सही का नाही करत तुम्ही?”

मैथिलीने पुन्हा विचारलं. विभागप्रमुख पाध्ये सरांनी तिचा अहवाल मिटून बाजूला ठेवला होता.

अणुभट्टी बंद केली तरी तिच्या पोटातली धग लगेच जात नाही. अशात वीज गेली, पंप थांबले, तर पाणी आपोआप फिरून ती धग वाहून नेईल का? हे पाहण्यासाठी मैथिलीने वर्षानुवर्षं खपून एक प्रतिकृती उभारली होती. उंची खऱ्या भट्टीएवढीच, चार मजली. घेर मात्र मिठीत मावेल इतका. इंधनाच्या जागी विजेचे हीटर. पंप बंद करून चाचणी झाली, आणि हीटर अपेक्षेहून थंड राहिले. उद्या अहवाल समितीपुढे जायचा होता. त्याच्या भरवशावर खरी भट्टी बांधली जाणार होती. सकाळपासून मैथिलीचे पाय जमिनीवर नव्हते.

“आकडे चुकलेत का?”

“आकडे बरोबर आहेत.”

“मग?”

“भूक लागली. चल, खाली जेवू.”

सर अहवाल घेऊन उठले, मैथिली धुसफुसत मागोमाग गेली.

खाली हीटर अजून चालूच होते. प्रतिकृतीच्या आडव्या नळीवर कामगारांचे डबे ओळीने मांडलेले. रोजचीच रीत ती, पण आज मैथिलीचं डोकं फिरलं.

“उचला हे. प्रयोगशाळा आहे की खानावळ?”

“राहू द्या,” सर म्हणाले, आणि आपलाही डबा त्या ओळीत सरकवून स्टुलावर बसले.

अर्धा तास गेला.

सरांनी डबा उघडला. आमटीतून वाफ आली.

“ही कुणी गरम केली?”

“नळीने.”

“आणि नळीला?”

“आतल्या पाण्याने. पाण्याला हीटरने...”

“ही धग अहवालात कुठे मांडलीस?”

मैथिलीने कुठेच मांडली नव्हती. सगळी धग फिरत्या पाण्यानेच वाहून नेली, असं तिने लिहिलं होतं.

“थोडीशीच आहे, सर. डब्यांपुरती.”

सरांनी तिचा हात धरून नळीजवळ नेला. मग उभ्या पात्राजवळ. मग जिन्यावरून वर, आणखी वर... सगळीकडे ऊब. थंडीच्या दिवसांत इथे आलं की माणसं स्वेटर काढून ठेवत, हे तिला आत्ता आठवलं.

वाटीतलं दूध बघता बघता निवतं आणि पातेल्यातलं तसंच कढत राहतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. प्रतिकृती म्हणजे वाटी, खरी भट्टी म्हणजे पातेलं. भट्टी बांधायची त्या खाडीकाठी कोळ्यांची वस्ती होती. जागा पाहायला गेली तेव्हा तिथल्या बायांनी तिला चहा पाजला होता. “काही धोका नाही ना, ताई?” असं विचारलंही होतं. ती हसून नाही म्हणाली होती.



“सर, पुन्हा सगळं करायचं म्हणजे वर्ष जाईल. आणि समिती तर उद्याच आहे...”

सर सावकाश खाली उतरले. खिशातलं पेन काढून त्यांनी स्टुलावरच्या अहवालावर ठेवलं.

“मोठ्या भट्टीवर कुणाकुणाचे डबे ठेवायचे, तेवढं लिही. मी लगेच सही करतो.”