प्रेसिलाच्या लग्नाचा फोटोग्राफर

“...आणि ड्रोन देवळाच्या आत उडवला तर चालेल ना, फादर?”

फादर मनवेल निवृत्त होऊन देवळामागच्या, म्हणजे चर्चमागच्या, खोलीत राहत. वसईकडच्या त्या गावातले लोक अडलेले प्रश्न अजून त्यांच्याकडेच आणत. नव्या फादरांकडे फक्त दाखले मागायला जात.

“पवित्र आत्मा इतकी वर्षं आत उडतो आहे,” फादर म्हणाले. “त्याची अजून कोणाला टक्कर झाली नाही. ड्रोनचं सांगता येत नाही.”

इनास तुस्कानो हसला नाही. त्याने गावात दोन इमारती बांधल्या होत्या, आणि तेव्हापासून तो जरा कमीच हसत असे.

त्याच्या एकुलत्या मुलीचं, प्रेसिलाचं, लग्न ठरलं होतं. मुंबईच्या एका फोटोग्राफरने नमुन्याचा अल्बम दिला होता. वेदीवरच्या बायबलपेक्षा जड. इनासने तो फादरांपुढे ठेवला.

फादरांनी पानं उलटली. एक नवरी समुद्रकिनाऱ्यावरून धावत होती. पुढच्या पानावर नवराही धावत होता.

“यांच्या मागे कोण लागलंय?”

“फॅशन आहे तशी.”

“आणि लग्नाला आलेली माणसं?”

“ती मागे... अस्पष्ट दिसतात. मुद्दाम करतात.”

फादरांनी अल्बम मिटला.

“छान आहे. मग माझ्याकडे काय काम काढलंस?”

इनासने खुर्ची जवळ ओढली.

“प्रेसिलाला समजवा. तिला आपला स्टुडिओवाला पावलूच पाहिजे. तो नसेल तर म्हणे फोटोच नकोत. घरात आमचं बोलणं बंद आहे.”

“पावलू फोटो वाईट काढतो?”

“वाईट नाही...”

“मग?”

इनास खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दफनभूमीची भिंत होती.

“एस्तेल गेली तेव्हा शवपेटीभोवती घरच्यांचा शेवटचा फोटो त्यानेच काढला. आपल्यात काढतात, मला माहीत आहे. पण लग्नात बोलतो ना, तसंच बोलला. ‘इनासभाऊ, जरा जवळ सरका.’ माझी बायको पेटीत, फादर, आणि हा म्हणतो, जरा जवळ सरका.”

फादरांनी अल्बम बाजूला सारला.

“आता पोरीच्या लग्नात वेदीपुढे उभा राहून तेच म्हणणार. आणि मला समोर ती पेटी दिसणार. मला तो माणूस नजरेसमोर नको.”

“...तू सरकलास?”

“काय?”

“पावलू म्हणाला, जवळ सरका. सरकलास का?”

“सरकलो.”

“त्याआधी कुठे होतास?”



“ओट्यावर. सकाळपासून. येणाऱ्या लोकांना खुर्च्या देत होतो.”

“आत गेलाच नव्हतास?”

“पाय उचलत नव्हता. माणसं आत ओढत होती, तर मी म्हटलं, थांबा, खुर्च्या कमी पडतायत.”

“पडत होत्या?”

“नाही. फोटोसाठी बोलावलं तेव्हा कुठे दारापर्यंत आलो.”

“आणि जवळ सरकल्यावर?”

“तिच्या हाताला हात लागला...” इनास थांबला. “मग पेटी बंद केली.”

“प्रेसिला कुठे होती?”

“पेटीच्या पलीकडे. माझ्याकडे बघत होती.”

फादरांनी उठून त्याला पाणी दिलं. त्याने पेला नुसता हातात धरला.

मग पेला खाली ठेवून तो उभा राहिला. अल्बम काखेत मारला.

“सांगा तिला, बोलव म्हणावं पावलूला. माझं काय... मी तसाही फोटोत नसेन. एवढी माणसं येणार. त्यांच्या बसण्या-उठण्याचं कोणीतरी बघायला नको?”

“त्या दिवशी खुर्च्या मी देईन, इनास.”