साळीचे दाणे

फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या शेतात फुलोऱ्यात आलेली एक साळ होती. काठाच्या चिखलात वाढणाऱ्या रानभाताला ती नाकं मुरडायची.

उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि साळ पिवळी पडली.

"तुम्ही कसे तगता हो?" तिनं रानभाताला विचारलं.

"आत आलेलं मीठ मी पानांवाटे बाहेर टाकतो. आमच्या बियाण्यातच आहे ते."

"माझ्या दाण्यांना द्याल?"

रानभातानं वाऱ्यावर पराग सोडला.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"मलाही ते कुणीतरी दिलंच होतं, बाई."

दाणे भरले आणि साळ वाळली. पुढच्या साली पुन्हा उधाण आलं. पाणी ओसरल्यावर तिची रोपं रानभाताकडे वाकून म्हणाली, "बाबा, आम्ही उभे आहोत."