तुरटीचं पाणी

आबासाहेबांच्या नावानं अख्खा बाजार चळाचळा कापायचा. लिंगाप्पा मिस्त्री त्यांच्या जीपच्या इंजिनात बोल्टसाठी आटे पाडत होता. "शेळपटासारखं काय फिरवतोस?" म्हणत आबासाहेबांनीच त्याच्या हातातला टॅप, म्हणजे आटे पाडायचं पोलादी हत्यार, हिसकून पिळला, आणि तो आतच कटकन मोडला.

"उद्या सांजेपर्यंत तुकडा बाहेर पाहिजे. इंजिनाला छिन्नी, ड्रिल, वेल्डिंग काही लावायचं नाही. नाहीतर तुझी बोटं मोडीन!"

लिंगाप्पाची आई सत्यव्वाही आतून हादरली होती. पण ती रात्रभर तुरटीचं पाणी उकळून त्या भोकात ओतत राहिली. इंजिन ॲल्युमिनियमचं, त्याला काही झालं नाही. पोलादी टॅप मात्र सडून भुसभुशीत झाला आणि तारेनं उकरताच निघाला.

सांजेला बोल्ट अलगद बसलेला बघून आबासाहेब गुरगुरले, "कशानं काढलास?"

सत्यव्वा पुढं आली.

"तुरटीनं, आबासाहेब. दाढी झाल्यावर गालाला फिरवता, तीच. उद्यापासून जरा डोक्यावरूनही फिरवा. आत काही ताठ होऊन अडकलं असेल, तर तेही विरघळेल."

सोबतच्या पैलवानांनी श्वास रोखला. आबासाहेबांचा हात वर गेला, तिथंच थांबला, आणि स्वतःचाच गाल चोळत ते मुकाट्यानं जीपमध्ये जाऊन बसले.