कासवाला पाणी

“बुवा, पाणी कासवापर्यंत येईल का?”

जनार्दनाने पुन्हा तेच विचारलं. मठाच्या ओसरीवर शिवगिरी बुवा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

जनार्दनाचा जीव टांगणीला लागला होता. गावातली मंडळी जमवून त्याने महिनाभर नदीकाठ साफ केला होता. निर्माल्याच्या पिशव्या, बाटल्या, चपला, कुजलेल्या गोधड्या, सगळं चिखलातून उपसून पोत्यांत भरलं होतं. उद्या तालुक्याहून साहेब पाहायला येणार होते. काम त्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून त्याने सगळी पोती घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर रचली होती आणि ढिगाला झेंडूची माळसुद्धा घातली होती.

त्या घाटावर एक दगडी कासव आहे. त्याला पाणी लागलं की बायका धुणी आवरून वर येतात. पोती नेमकी कासवाला टेकून होती.

गावात ऊन होतं. वरच्या डोंगरांवर मात्र आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

“पोती वर आणून ठेव,” बुवा म्हणाले.

जनार्दन चुळबुळला. वर आणली तर ती मठाच्या भिंतीआड जातील, साहेबांना काही दिसणार नाही, पोरांच्या कष्टांचं चीज व्हायला नको का, असं बरंच काही तो सांगत राहिला. स्वतःच्या सत्काराचं तेवढं बोलला नाही.

“एका रात्रीचा तर प्रश्न आहे, बुवा. नाही चढणार पाणी.”

“मग मला कशाला विचारतोस?”

...

बुवा उठले आणि काठी टेकत घाट उतरले. जनार्दन मागोमाग गेला. पाणी गढूळ झालं होतं आणि कासवाच्या खालच्या पायरीला लागलं होतं.

बुवांनी एका पोत्याचं तोंड सोडलं. आत हात घालून एक रबरी चप्पल काढली आणि सरळ नदीत भिरकावली.

जनार्दन कपड्यांनिशी पाण्यात धावला. मांडीभर पाण्यालाही ओढ होती, पाय ठरेना. पण चप्पल हाती लागली. ती छातीशी धरून तो धापा टाकत पायरीवर आला.

“ही आम्ही चिखलातून काढली होती, बुवा.” त्याने रागाने चप्पल बुवांपुढे धरली. “तुम्ही पुन्हा टाकलीत...”

“मी एकच टाकली.”

...

जनार्दनाने पोत्यांच्या ढिगाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग तो पायऱ्या चढून पळत सुटला आणि मठाची घंटा बडवू लागला.

मंडळी हातातलं टाकून आली. पोती हातोहात वर चढू लागली. जनार्दन सगळ्यांच्या खाली, कासवापाशी उभा होता आणि पोत्यागणिक त्याला वाटत होतं, आता गेलं, आता गेलं. झेंडूची माळ त्याने शेवटच्या पोत्यात कोंबली. ते पोतं उचललं तेव्हा कासवाची पाठ पाण्याखाली गेली होती.

तो ओसरीवर आला तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. बुवा पुन्हा वाती वळत होते.

“घाट तर रिकामा झाला,” तो म्हणाला. “उद्या साहेबांना दाखवू काय?”

बुवांनी हातातली वात पुरी केली.

“नदी आहे ना.”