पैलवानाचा हातभार

एका गावात एक भोळा पैलवान होता. सटवाप्पा त्याचं नाव. अंगात रेड्याचं बळ, पण मनानं वाईट नव्हता बिचारा. आजूबाजूच्या वाड्यांत भांडण झालं की त्याला बोलावणं यायचं. तो नुसता जाऊन बसला तरी भांडण मिटायचं. त्या मानापोटी सगळ्या वाड्या बाजाराला त्याच्याच गावात यायच्या.

आई म्हणायची, "सटवा, हा मान जप. तो गेला की आपला बाजार गेला."

"बरं, आई."

एकदा कुणीतरी म्हणालं, खालच्या वाडीत गुणाबाईच्या गंजीत बिबट्या लपलाय. सटवाप्पा एकटाच धावला. सगळी गंजी उधळली. आत अंड्यांवर बसलेली कोंबडी निघाली.

"कुठाय बिबट्या, मेल्या?" गुणाबाईनं विचारलं.

"मला भिऊन पळाला असंल."

"आणि माझा कडबा?"

"तो नाही पळाला. हा काय, सगळीकडं आहे."

आईनं कपाळाला हात लावला. "अरे, असं एकट्यानं जाऊ नये. चार गावची माणसं संगं घ्यावीत."

"बरं, आई."

पुढं माळवाडीतून बारशाचं आमंत्रण आलं. सटवाप्पा चार गावची माणसं घेऊन गेला, काठ्यांसकट. बायका बाळाला घेऊन मागच्या दारानं पळाल्या. घुगऱ्या याच्याच माणसांनी संपवल्या.

"अरे, घोळ घालून तसंच निघून येऊ नये," आई म्हणाली. "सगळं सुरळीत होईपर्यंत थांबावं."

"बरं, आई."

मग वरच्या वाडीत दोघं भाऊ बांधावरून भांडले. सटवाप्पानं एकेकाला एकेका काखेत धरलं आणि भांडण मिटवलं. पण मग त्यांच्या ओट्यावरून हलेना. पेरणीला आलेला, मळणी झाली तरी भाकरी खात तिथंच. शेवटी दोघं भाऊ हात जोडून आले.

"पैलवान, पाया पडतो, आता जा."

"कसा जाऊ? अजून भांडताय की."

"कुणाशी?"

"माझ्याशी."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकरा, बाजाराला निम्मी माणसं येईनात. आता तरी लोकांचं ऐक. ते जे काम काढतील त्याला निमूट हातभार लाव."

"बरं, आई."

बाजाराच्या दिवशी गावात चिटपाखरू आलं नाही. सटवाप्पा संध्याकाळी घामाघूम होऊन आला, पण हसत.

"आई, सगळ्या वाड्या एक झाल्यात बघ! एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, आज एका जागी राबत होती. मीही दिवसभर राबलो."

"गुणाचं लेकरू माझं! काय काम होतं रे?"

"आपल्या गावचा रस्ता बंद करायचं. बाभळी आडव्या टाकल्या. एक शिळा तर कुणालाच हलेना. मी एकट्यानं ढकलत नेली आणि मधोमध बसवली. अशी बसवली, आई, आता मलासुद्धा हलत नाही!"