तांबखड्याच्या घंटेचा दोर

तांबखड्याच्या चर्चची घंटा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वाजत नाही. पुनरुत्थानाच्या रविवारी उजाडेपर्यंत ती गप्पच असते. त्या दिवसांत, ती ज्या कडुनिंबाला टांगली आहे त्यावरून तिचा दोर उतरवून शेजारच्या विहिरीच्या पोहऱ्याला बांधतात. पाहुणे विचारतात, विहिरीला स्वतःचा दोर नाही का? आहे की. मोटार आहे, घरोघर नळही आलेत. तरी तेवढे दिवस वस्तीचं पिण्याचं पाणी याच दोरानं निघतं. मी इथला निवृत्त मास्तर आणि चर्चच्या पंचांपैकी एक, म्हणून हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. ऐकलं तसं सांगतो. पुरावा मागू नका.

मोठ्या दुष्काळातली ही गोष्ट, असं सांगतात. वस्तीत तेव्हा अकरा घरं होती आणि अकराही घरं दोर वळणारी. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, ठेचून वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी, मोटेचे नाडे वळायचे. ख्रिस्ती होऊन त्यांना जेमतेम तीन वर्षं झाली होती. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी गावातली जनावरं विकली गेली, दुसऱ्या वर्षी उरलेली मेली. गोठ्यात बैल नाही तो दावं कशाला विकत घेईल? त्यातच वस्तीचे पाळकसाहेब पटकीनं गेले. उपासना घ्यायलाही कोणी राहिलं नाही.

मग दीड कोसावर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. ज्यांना चालता येत होतं ते सगळे बायका-पोरांसह तिकडे गेले. मागे तिघं राहिली. घंटा वाजवणारा याकोबदादा एका पायानं अधू होता. साळूबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी. आणि तिची सून राहेल, जिला सातवा महिना लागला होता. राहेलचा नवरा शिमोन दोन पायली ज्वारी घरात ठेवून कामावर गेला. तिथं नियम कडक होता. हजेरी दिवसा लागे आणि रात्रीही; एकदा चुकली की हजेरीपटावरून नाव कापलं जाई आणि धान्य बंद. मध्येच घरी येऊन बघायची सोय नव्हती.

जाताना तो याकोबदादाला म्हणाला, "दादा, रोज पहाटं घंटा वाजवा. आवाज आला म्हंजी आमी समजू, तुमी हायेत."

"आन न्हाई आला तर?"

शिमोन कुदळ खांद्यावर टाकून चालू लागला, म्हणे.

रोज पहाटे घंटा वाजू लागली. ओसाड मुलखात तिचा आवाज दीड कोस सहज जाई. इकडे विहिरीचं पाणी खाली चाललं होतं. दोर अपुरा पडू लागला तशी राहेल रोज एक हात दोर वळून त्याला जोडू लागली. कुंपणाचं घायपात तेवढं शिल्लक होतं. पण ते कुजवायला पाणी कुठलं? ती पानं कोरडीच ठेचायची. कोरड्या वाखानं हात सोलून निघतात, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा. गावातले लोक जाता-येता तिला चिडवत, "बैल न्हाई, मोट न्हाई, कुणासाठी वळतीस गं?"

ती म्हणायची, "पाणी म्होरं चाललंय, म्या त्याच्या मागं."

दोर वळताना ती प्रार्थना करायची. पाऊस मागायचं तिला धाडस होईना, असं सांगतात. आजचा एक हात पुरा होऊ दे, एवढंच ती मागायची. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतली मला पटणारी प्रार्थना हीच.

पुढं कुंपण संपलं, आणि तोवर गावही ओस पडलं. उत्तम शुक्रवारच्या पहाटे घंटा वाजवून झाल्यावर राहेलनं पोहरा सोडला, तर तो पाण्यापासून चार हात वरच लटकत राहिला. घरात घोटभर पाणी नव्हतं. आता सगळ्या वस्तीत एकच दोर उरला होता, घंटेचा. राहेल विळा घेऊन कडुनिंबाखाली गेली.

याकोबदादा आडवा आला. "हात लावू नगंस. त्यो देवाचा दोर हाय. आन घंटा थांबली तर तिकडं आपल्याला मेलेलं समजतील. पुढं निघून जातील कापसाच्या मुलखात. मग तुझं बाळ कुणाच्या जिवावर वाढवशील?"

साळूबाई ओट्यावरून म्हणाली, "माझ्यापायी कापू नगं, राहेल. माझं किती राहिलंय?"

राहेललाही शिमोनच डोळ्यांसमोर दिसत होता. मग ती म्हणाली, "दादा, आज कोणता दिस हाय? आजच्याच दिशी प्रभूनं क्रुसाच्या खांबावरून पाणी मागितलं व्हतं. त्याला तहान ठावं हाय. त्यो मला रागं भरायचा न्हाई."

याकोबदादा बाजूला झाला. हात पोचला तिथून तिनं दोर कापला. उरलेलं टोक उंच राहिलं. आठव्या महिन्यात तिला झाडावर चढता येईना आणि दादाचा पाय त्याला साथ देईना. त्यानं घंटेला दगड मारून पाहिले. दोन चुकले, तिसरा लागला, पण त्याचा आवाज वस्तीपलीकडेही गेला नाही.

शनिवारी पहाटे खडीच्या कामावर वस्तीतली सगळी माणसं उठून बसली आणि कान लावून राहिली. सूर्य वर आला तेव्हा शिमोन उठला. मुकादमानं बजावलं, गेलात तर नावं कापीन. शिमोन म्हणाला, "कापा. माती द्यायला चाललोय." त्याच्याबरोबर अकरा घरांतली सगळी निघाली. पुरुषांच्या खांद्यावर कुदळी होत्या, पहारी होत्या. तीन कबरी खणायच्या होत्या.

ते वस्तीवर पोचले तेव्हा राहेल विहिरीच्या काठाशी बसून गढूळ पाण्याचा पोहरा ओढत होती. शिमोन तिथंच खाली बसून लहान मुलासारखा रडला. बाकीचे हातातल्या कुदळींकडे बघत ओशाळून उभे राहिले. रोजगार गेला होता, धान्य गेलं होतं, आणि ज्यांच्यासाठी गेलं ती तिघं जिवंत. आनंद मानावा की डोकं धरून बसावं, कोणालाच कळेना.

याकोबदादा तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "खणायलाच आलात न्हवं? मग हितं खणा."

सगळे विहिरीत उतरले. पाळीपाळीनं खणत राहिले. रविवारी सूर्य उगवायच्या सुमारास मुरूम फुटला आणि कोपऱ्यातून झरा लागला. रविवारच होता का, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. सांगणारे रविवार सांगतात, मीही रविवारच सांगतो. पाणी फार नव्हतं, पण अकरा घरं त्यावर जगली. त्या वैशाखात राहेलला मुलगी झाली. ती माझी पणजी.

आषाढात साळूबाई गेली. माणसं कुदळी घेऊन कबरस्थानाकडे निघाली, तेव्हा ओलं बाळंतपण अंगावर असलेली राहेल दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "आदी हिरीतला गाळ काढा. आत्याबाईसाठी खणायला आला व्हता, तवा पाणी लागलं व्हतं. मग कबर खणा." कोणी वाद घातला नाही.

आजही तांबखड्यात कोणी गेलं की कुदळ आधी विहिरीत उतरते. घरच्या माणसांनी गाळ काढायचा, मगच कबरस्थानाची वाट धरायची. गेल्या मार्चमध्ये माझी बायको मार्था गेली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. मला त्या दिवशी कशातच राम दिसत नव्हता, आणि ही रीत तर निव्वळ छळ वाटली. मोटारीनं पाणी उपसून मुलं खाली उतरली, मी काठावर उभा राहून दोर ओढत होतो. गाळाच्या सातव्या पाटीनंतर धाकट्यानं खालून हाक मारली, "बाबा, पाणी आलं." त्यानं भरून दिलेला पोहरा मी वर ओढला, ओंजळ धरली, प्यायलो, आणि मग आम्ही तिला माती द्यायला गेलो.