टिटवीची सुई

ज्यांनी ती सुई कोंडली, तेच आज तिला पाठ न दाखवता मागे सरकतात आणि त्याला आदर म्हणतात.

त्या दलदलीच्या राज्यात उत्तर दिशा कायमची नव्हती. थवा निघायच्या दिवशी थोरला करकोचा जिकडे चोच करी, ती उत्तर. वाटेतल्या खाडीवर धुकं असे आणि त्यात दरवर्षी काही पिल्लं हरवत. "नशीब त्यांचं," म्हणून बाकीचे पंख साफ करत.

टिटवी थव्यातली नव्हती. पण तिची अंडी उघड्या जमिनीवर असत. हरवणं तिला ठाऊक होतं. तिने राळेचा खडा सशाच्या केसांवर घासून ठिणग्या काढल्या, काचेच्या बरणीत साठवल्या, मग सुईभोवती तार गुंडाळून तिला त्या विजेचा झटका दिला. करवंटीतल्या पाण्यावर तरंगवलेली सुई वळली आणि थांबली. करवंटी कशीही फिरवली, तरी सुई तिकडेच.

"पाय वर करून आभाळ पेलून झालं वाटतं," करकोचे हसले. "आता बाई दिशा पेलणार."

"मला नका विचारू," टिटवी म्हणाली. "हिला विचारा."

दोन पिल्लं गमावलेल्या एका करकोचीने करवंटी गळ्यात बांधली. त्या वर्षी धुक्यात पुढून तिची हाक येत राहिली, मागून पिल्लांची ओ येत राहिली, आणि पलीकडच्या काठावर एकही जागा रिकामी राहिली नाही. म्हातारी पाखरं अजून त्या सकाळीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

थोरल्याने सुईचा सन्मान केला. तिच्यासाठी लोखंडी देव्हारा बांधला, दार आपल्या आसनासमोर ठेवलं.

"लोखंड नको, ते तिला ओढतं," टिटवी ओरडत राहिली.

"स्वतःच्याच सुईचा मत्सर," दरबार म्हणाला. ती ओरडता ओरडताच गेली. मग तिचा पुतळा झाला.

आता थवा आधी दर्शन घेतो आणि सुई दाखवेल तिकडे उडतो. पिल्लं पुन्हा हरवतात.

यंदा ती करकोची नातवंडांना घेऊन आली. सुईकडे बराच वेळ बघत राहिली. मग देव्हाऱ्यावर घरटं केलेल्या साळुंकीला तिने हळूच विचारलं, "उत्तर तिकडेच ना गं?"

"उत्तरेचं मला काय कळतंय, आजी," साळुंकी म्हणाली. "दार हललं की ही दाराबरोबर वळते. मला वाटतं, तिला बाहेर यायचंय."